चौदाव्या वळणावर

नेल्सीच्या बेकरीत, शटर अर्धं ओढल्यावर,
पीठ पुसलेल्या टेबलावर आम्ही इटली पसरतो.
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
मिठाची बरणी, किसणी, ओतीलियाच्या चष्म्याचं घर
आणि कालचा न खपलेला पाव.

आम्ही सहाजणी. एकोणतीस महिन्यांची भिशी.
जिचा नंबर लागला तिनं फ्रीज घेतला नाही,
दात बसवले नाहीत.
ब्लांका इनेसनं तर नवऱ्याच्या मोटरसायकलला
टायरसुद्धा घेऊ दिला नाही.
सगळं विमानासाठी.

ओतीलियाचा एदिलबेर्तो त्या शर्यतीत असतो.
जिंकत नाही. ते त्याचं काम नाही.
तो मागे गाडीपर्यंत येतो,
सात बाटल्या जर्सीत पाठीपोटाशी कोंबतो,
आणि पुन्हा पुढे जातो,
ज्यांनी जिंकायचं असतं त्यांना पाणी द्यायला.
मागच्या वर्षी एकशे एकतिसावा आला.
सोगामोसोपासून वर आमच्या गावापर्यंत
अजून लोक लॉटरीला तोच आकडा लावतात.

उभं कुठं राहायचं यावर तीन रविवार भांडण.
रोसाल्बा म्हणते, शेवटच्या रेषेपाशी, म्हणजे टीव्हीवर दिसू.
मी शिंपीण, मला मापं कळतात.
वहीत मांडून दाखवलं:
उतारावर तो समोरून जाईल एक टाका पडेपर्यंत,
सपाटीवर, सुई ओवेपर्यंत,
पण इथं, चौदाव्या वळणावर,
रस्ता जिथं भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा उभा आहे,
इथं आठ सेकंद.
नऊही मिळतील, तो दमला असेल तर.

मग दमू दे, ओतीलिया म्हणाली,
आणि लगेच छातीवर क्रूस काढला.

आठ सेकंदांसाठी दोन विमानं, एक आगगाडी,
शनिवारी न जाणारी एक बस,
एका विधवेच्या घरातल्या दोन खोल्या
(तिनं कळवलंय, गरम पाणी सातपर्यंतच).
तिथं थंडी फार असते म्हणे, नेल्सी म्हणाली,
आणि तीन हजार मीटरवर जन्मलेल्या आम्ही बायका
खोकला येईपर्यंत हसलो.

मी एक जुनी डबलबेडची चादर काढली.
लाल ऑइलपेंटनं लिहिलं: चल एदिलबेर्तो.
बाप्तिस्म्याला एवढं लांब नाव कशाला ठेवतात?
शेवटचं अक्षर मावेना,
उशीचा अभ्रा जोडावा लागला.

मंगळवारी संघाची यादी आली. आठ नावं.
आम्ही ती वरून खाली वाचली, मग खालून वर,
जणू त्याचं नाव मधेच कुठं
शिवणीत दुमडलं गेलं असेल.

त्याचा फोन आला.
गुडघा. नाही, फार दुखत नाही. हो, जेवतोय.
आई, तिकिटं परत करा.

परत होत नाहीत, ती म्हणाली,
बारीक अक्षरात लिहिलंय.
होत होती. निम्मे पैसे कापून.
ते बारीक अक्षर मीच तिला वाचून दाखवलं होतं.

फोन ठेवून ती बराच वेळ
पावाचा पापुद्रा सोलत बसली.
मग विचारलं, त्याच्या जागी घेतलेल्या पोराचं नाव काय?

नाव आम्हा कुणालाच उच्चारता येईना.
उत्तरेकडचा कुठला तरी, एकवीस वर्षांचा.
ओळीनं नुसती व्यंजनं,
जिभेला टेकायला मधे एक स्वर नाही.
त्याची आई येणार आहे का?
कुणाला ठाऊक.
बाटल्या तर आता त्यालाच वाहायच्यात, ओतीलिया म्हणाली,
आणि किसणी उचलून जागेवर ठेवली.
नकाशाचा तो कोपरा गुंडाळला गेला.

रात्री मी कात्री घेतली.
अभ्रा उसवला, नाव कापलं,
कड दुमडून टीप मारली.
उरलं ते एवढंच: चल.
आता ते हातातल्या पिशवीतही मावतं.

नावाचा तुकडा ओतीलिया घेऊन गेली.
त्याचं काय करणार, मी विचारलं नाही.

बसचं मात्र अजून जमलेलं नाही.
शर्यत तिथं शनिवारीच पोचते.